माध्यमिक शाळेत क्विझचा संघ कसा उभा करावा: जूनपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

नोव्हेंबर उजाडला की शाळेच्या ऑफिसात प्रश्नमंजुषेचं पत्र येतं. मुख्याध्यापक ते पर्यवेक्षकांकडे देतात, पर्यवेक्षक नववी-दहावीतले पहिले तीन नंबर काढतात आणि त्या मुलांच्या हाती सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक पडतं. हाताशी आठ दिवस. मुलं राजधान्या पाठ करतात, स्पर्धेला जातात, लेखी फेरीतच बाद होतात आणि परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसतात. सुरुवातीची तीन वर्षं मीही मुलांना असंच नेलं. चौथ्या वर्षी जूनमध्येच कामाला लागलो, तेव्हा कुठे मुलं अंतिम फेरीच्या टेबलावर बसली.

खालचा क्रम त्यातून ठरला आहे. तो उलटसुलट करू नका. बहुतेक शाळा बझरपासून सुरुवात करतात आणि चौथा टप्पा, म्हणजे मुलांनी स्वतः प्रश्न लिहिण्याचा, गाळूनच टाकतात. संघ घडतो तो त्याच टप्प्यात.

टप्पा १: परवानगी, वार आणि एसटीची वेळ (जूनचा शेवट)

मुख्याध्यापकांकडे जाताना "क्विझ क्लब काढू या" एवढंच म्हणून जाऊ नका. अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहून न्या: कोणता वार, किती वेळ, कोणती खोली, कोण जबाबदार. पाचवी गोष्ट तोंडी सांगा: परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सराव बंद राहील. पालकांची पहिली तक्रार अभ्यास बुडण्याचीच असते. तिचं उत्तर आधीच ठरलेलं असेल तर परवानगी लवकर मिळते.

माझा अनुभव शनिवारचा आहे. सकाळची शाळा सुटली की पाऊण तास. रोजच्या शाळेनंतर थांबवलं तर शिकवणीवाली मुलं येत नाहीत, आणि शाळेआधी बोलावलं तर लांबच्या वाडीवरची येत नाहीत.

सामान फारसं लागत नाही. दोनशे पानी दोन वह्या, सहा पाट्या, एक स्टॉपवॉच आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचे कापलेले तुकडे. ते चिठ्ठ्यांना उपयोगी पडतात.

*तपासा:* गावोगावहून येणाऱ्या मुलांची परतीची गाडी किती वाजता आहे? ती चुकली तर पुढची किती वेळाने? हे विचारल्याशिवाय वेळ पक्की करू नका. आमच्याकडे पहिल्या महिन्यात चार मुली गळाल्या. कारण एवढंच होतं की साडेबाराची गाडी गेली की पुढची थेट अडीचला.

टप्पा २: चाळणी (जुलैचा पहिला पंधरवडा)

चाळणी सगळ्या आठवी-नववीला खुली ठेवा. सगळ्या तुकड्या, सगळी मुलं. दहावीला घेऊ नका. दहावीची मुलं हुशार असतात, पण दिवाळीनंतर ती सराव परीक्षांत अडकतात, आणि ऐन स्पर्धांच्या दिवसांत तुमचा संघ रिकामा होतो.

पंचवीस प्रश्न, तीस मिनिटं, लेखी. कागदावर नाव नको, फक्त तुम्ही दिलेला क्रमांक. हा नियम मुलांपेक्षा आपल्यासाठी आहे. नाव दिसलं की आपला हात आपोआप सैल किंवा कडक होतो.

प्रश्नांत राजधान्या, चलनं, "पहिली महिला कोण" असले प्रश्न पाचाच्या वर नकोत. बाकीचे असे काढा, की वर्गात शिकलेलं आणि बाहेर पाहिलेलं जोडल्यावर उत्तर सापडेल.

त्या वर्षी चाळणीत दुसरी आलेली मुलगी वर्गात मधल्या फळीतली होती. तिच्या आजोबांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखासकट. प्रगतिपुस्तकावरून निवड केली असती तर ती मला दिसलीच नसती.

लेखी परीक्षेतून वीस मुलं निवडा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दहा प्रश्न तोंडी विचारा. कोण प्रश्न शेवटपर्यंत ऐकतो आणि कोण अर्ध्यावरच ओरडतो, हे लिहून ठेवा. वीसांतली बारा ठेवा, त्यांत निदान पाच आठवीची.

*सावधान:* उरलेल्या आठांना "तुमची निवड झाली नाही" म्हणून परत पाठवू नका. वेळ मोजणारा, गुण लिहिणारा, प्रश्न वाचणारा ही माणसं लागतातच. त्यांतले दोघे-तिघे पुढच्या वर्षी संघात येतात.

टप्पा ३: तिघांचा संघ बांधणं

स्पर्धा कुठे दोघांच्या संघाची असते, कुठे तिघांची, कुठे चौघांची. तिघांचे गट बांधले तर दोन्हीकडे वळवता येतात.

विषय वाटून द्या: इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल व पर्यावरण, विज्ञान व गणित, भाषा-साहित्य-कला, क्रीडा, चालू घडामोडी. सहा विषय, तीन मुलं, म्हणजे प्रत्येकाकडे दोन. शिवाय प्रत्येकाने तिसरा एक विषय "जोडीचा" म्हणून घ्यायचा. जोडीचा विषय नसला की एक मूल आजारी पडताच दोन विषय कोरे राहतात.

तिन्ही मुलं विज्ञानाचीच, ही नेहमीची चूक. गुणवत्ता यादीवरून निवड केली की असंच होतं, कारण त्या यादीत गणित-विज्ञानाचं पारडं जड असतं. साहित्य आणि कलेचे प्रश्न मग भिंतीवर आपटून परत येतात.

कप्तान कोणाला करायचं? सगळ्यांत जास्त येणाऱ्याला नको. त्याला स्वतःचंच उत्तर बरोबर वाटतं. तोंडी फेरीत शेवटपर्यंत ऐकणारं मूल आठवा. शेजारची मुलगी हळूच काहीतरी पुटपुटते आहे, हे ज्याला ऐकू येतं त्याला कप्तान करा.

टप्पा ४: मुलांना प्रश्न लिहायला शिकवणं (जुलै-ऑगस्ट)

प्रत्येक मुलाने आठवड्याला पाच प्रश्न लिहून आणायचे. बारा मुलं, साठ प्रश्न. दिवाळीपर्यंत शाळेकडे स्वतःची सहा-सातशे प्रश्नांची पेटी होते. पेटीपेक्षाही मोठा फायदा म्हणजे, प्रश्न लिहिणाऱ्या मुलाला कळायला लागतं की प्रश्न काढणारा काय दडवतो आणि काय सांगतो.

एक उदाहरण जवळून पाहू. आठवीतल्या मुलाने आणलेला पहिला प्रश्न असा होता:

"लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे?"

याचं उत्तर येतं किंवा येत नाही. विचार करायला जागाच नाही. आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि उलटा केला. लोणार हे उत्तर ठेवायचं आणि माहिती अवघडाकडून सोप्याकडे मांडायची:

"२०२० साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने इथल्या पाण्याचे नमुने तपासले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे पाण्याचा रंग बदलल्याचं सांगितलं. त्या जूनमध्ये इथलं पाणी गुलाबी झालं होतं. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं, बुलढाणा जिल्ह्यातलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर कोणतं?"

बातमी वाचलेलं मूल पहिल्या ओळीत बझर दाबेल. विज्ञानाचं मूल बेसॉल्ट आणि उल्का ऐकून ओळखेल. भूगोलाचं मूल बुलढाणा ऐकल्यावर सांगेल. तिघांनाही वाट आहे, आणि जास्त माहिती असणाऱ्याला आधी संधी आहे. अंतिम फेरीतले बरेच प्रश्न याच बांधणीचे असतात.

प्रश्न लिहिताना तीन चुका हटकून होतात.

*दोन उत्तरं असलेला प्रश्न.* "भारतातलं सर्वांत मोठं धरण कोणतं?" उंचीने म्हणाल तर टिहरी, २६०.५ मीटर. लांबीने म्हणाल तर हिराकूड. "मोठं" हा शब्द दिसला की मुलाला विचारा, कशाने मोठं?

*शिळं उत्तर.* बाजारातल्या पुस्तकांत आजही महाराष्ट्राचे ३५ जिल्हे सापडतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ते ३६ आहेत. केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून ८. शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ने वाढून २७४ झाली. आकडा बदलणारा असेल तर प्रश्नात तारीख घालायची, नाहीतर प्रश्न टाकून द्यायचा.

*ऐकीव उत्तर.* हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, असं आपण सगळेच शिकलो. कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जाला उत्तर देताना कळवलं. आणखी एक उदाहरण आपल्या कोकणातलं: हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी मोबाइलवरून उतरवून आणतं. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा टिपली. लॉकयर विजयदुर्गाला आले ते १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. गोष्ट आपल्या मातीतली असली की ती तपासायला मन धजत नाही. अशा वेळी मुलांना जास्तच तपासायला लावा.

नियम साधा ठेवा: प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर कुठे मिळालं ते लिहायचं. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, बालभारतीची पुस्तकं आहेत, 'किशोर' मासिकाचे अंक आहेत, रोजचा पेपर आहे. "व्हॉट्सअॅपवर आलं होतं" हे ठिकाण धरायचं नाही. वाचनालयातल्या बाईंना आधी सांगून ठेवलं तर त्या मुलांसाठी जुने अंक बाजूला काढून ठेवतात.

*तपासा:* ऑगस्टअखेर पेटीतून डोळे मिटून वीस प्रश्न काढा. त्यांतले पंधरा तरी "कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या साली, कोणी लिहिलं" याच्या पलीकडचे आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका, आणखी तीन शनिवार इथेच घाला.

टप्पा ५: शनिवारचा पाऊण तास

पहिली दहा मिनिटं: आठवड्याच्या बातम्या. सहा बातम्या, सहा मुलं, प्रत्येकाने दीड मिनिट. बातमीतली जागा नकाशावर बोट ठेवून दाखवायची. नकाशा रोज भिंतीवर असतो, पण बोट ठेवल्याशिवाय तो डोक्यात जात नाही.

पुढची पंचवीस मिनिटं: पेटीतले पंचवीस प्रश्न. ज्याने लिहिला त्याने तो वाचायचा आणि त्याच्या गटाने गप्प बसायचं.

शेवटची दहा मिनिटं: चुकांची वही. संघाची अशी एकच वही. डावीकडे आज कोणालाच न आलेला प्रश्न, उजवीकडे तो का आला नाही ते. "माहीत नव्हतं", "माहीत होतं पण आठवलं नाही", "शेजाऱ्याला माहीत होतं पण कप्तानाने ऐकलं नाही" या तीन कारणांपैकी एक लिहायचं. तिसरं कारण महिन्यात चार-पाच वेळा आलं तर अभ्यास वाढवून काही होणार नाही. बसायची जागा किंवा कप्तान बदला.

मराठी माध्यमाच्या शाळांनी आणखी एक यादी ठेवावी. शहरातल्या अनेक स्पर्धांत प्रश्न इंग्रजीतून येतात. मुलाला प्रकाशसंश्लेषण पुरतं माहीत असतं, पण कानावर "फोटोसिंथेसिस" पडलं की ते गडबडतं. विज्ञान-भूगोलाच्या शब्दांच्या जोड्या भिंतीवर लावा आणि दर शनिवारी दहा वाढवा. मुलांना त्यांच्या भाषेवरून कमीपणा वाटता कामा नये. ही फक्त शब्दांची ओळख आहे आणि ती दोन महिन्यांत होते.

*सावधान:* पाऊण तासाचा दीड तास करू नका. मुलं कंटाळून यायची बंद होतात ती इथेच.

टप्पा ६: बझर, बाउन्स आणि पाउन्स (सप्टेंबर)

आता नियमांकडे या. ज्ञान असून मुलं हरतात ती बहुतेक वेळा नियम न कळल्यामुळे.

*बझर.* विज्ञानाच्या सरांना गाठा. चार बटणं, चार रंगांचे दिवे, आणि पहिलं बटण दाबलं की बाकीची बंद पडतील असं सर्किट ते मुलांकडून करून घेऊ शकतात. ते होईपर्यंत टेबलावर हाताची थाप चालेल. मात्र समोर एक मूल पंच म्हणून बसवा. "आधी मी, आधी मी" ही भांडणं पंचाविना मिटत नाहीत.

थाप दिल्यावर पाच सेकंदांत उत्तर सुरू झालंच पाहिजे. "अंऽऽ" हे उत्तर धरायचं नाही. पहिल्या दोन शनिवारी मुलं चिडतील, चिडू द्या.

*बाउन्स.* एका संघाला न आलेला प्रश्न पुढच्या संघाकडे जातो. समजा सहा संघ आहेत. पहिला प्रश्न संघ १ ला. संघ १ आणि २ ने पास म्हटलं, संघ ३ ने बरोबर सांगितलं. मग दुसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी संघ ४ पासून सुरू होतो. तो कोणालाच आला नाही तर तिसरा संघ ५ पासून. अर्धे प्रश्न झाले की दिशा उलटी. हे फळ्यावर सांगून कळत नाही. सहा बाकं गोलात मांडा, बारा मुलं बसवा आणि वीस प्रश्न प्रत्यक्ष खेळा. आपल्याकडे प्रश्न आला आहे हेच न कळल्यामुळे वेळ संपलेला संघ मी स्वतः पाहिला आहे. तो माझाच होता.

बाउन्समध्ये चुकल्याबद्दल सहसा गुण कापत नाहीत. तिथे पास म्हणणं म्हणजे संधी वाया घालवणं. काहीतरी विचार करून सांगायचंच.

*पाउन्स.* प्रश्न संघांकडे जाण्याआधी, ज्यांना खात्री आहे त्यांनी चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं. बरोबर आलं तर गुण, चुकलं तर कपात. पाउन्स केलेल्या संघाला मग तो प्रश्न बाउन्सवर मिळत नाही.

इथे गणित शिकवा. बरोबरला १० आणि चुकीला वजा ५ असेल, तर तीनदा पाउन्स करून एकदा बरोबर आणि दोनदा चूक आल्यास हिशेब शून्य. म्हणजे खात्री तीनात एकपेक्षा जास्त हवी. चुकीला वजा १० असेल तर दोनात एकपेक्षा जास्त. मुलांना "खात्री आहे का?" असं विचारू नका, "असे दहा प्रश्न आले तर किती बरोबर येतील?" असं विचारा. उत्तर जास्त प्रामाणिक येतं. शिवाय प्रश्न आपल्या शेजारून सुरू होणार असेल तर तो फुकटात मिळण्याची शक्यता मोठी, तिथे थांबावं. लांबून सुरू होणार असेल तर तो आपल्यापर्यंत पोचणारच नाही, तिथे पाउन्सचा विचार करावा.

*लेखी फेरी.* कपात नसेल तर एकही जागा कोरी सोडायची नाही. तारांकित प्रश्नांवर खूण करून त्यांना जास्त वेळ द्यायचा. गुण समान झाले तर अंतिम फेरीत कोण जाणार हे त्यांच्यावरच ठरतं.

*तपासा:* तुम्ही खोलीबाहेर जा आणि मुलांनाच एक पूर्ण फेरी घेऊ द्या. गुणतक्ता बरोबर लागला तर नियम कळले.

टप्पा ७: घरचा सामना

सहामाही आणि दिवाळी उरकली की बाहेर पडण्याआधी शाळेत एक सामना घ्याच, सगळ्या आठवी-नववीसमोर. दिवाळीआधी जमत असेल तर १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन चांगला, मात्र परीक्षेचं वेळापत्रक पाहून. मुलांना समोर दोनशे जण बसल्यावर उत्तर देण्याची सवय हवी. खोलीत फाडफाड बोलणारं मूल माईक समोर आला की पुटपुटतं. ते स्पर्धेत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

टप्पा ८: स्पर्धेला नेताना

आठ दिवस आधी आयोजकांना फोन करून विचारा: संघात किती मुलं, प्रश्न कोणत्या भाषेत, लेखी फेरीत कपात आहे का, बदली खेळाडू चालतो का, ओळखपत्र की बोनाफाइड. उत्तरं चुकांच्या वहीत लिहा. पालकांची लेखी संमती घ्या. मुली असतील तर सोबत एक शिक्षिका हव्यातच.

आदल्या दिवशी नवीन काही वाचायला देऊ नका. फक्त चुकांची वही चाळायची.

निर्णय चुकीचा वाटला तर फक्त कप्तानाने उभं राहून, आवाज न चढवता, पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी सांगायचं. शिक्षकांनी प्रेक्षकांतून बोलायचं नाही. मी एकदा बोललो होतो. निर्णय बदलला नाही, आणि पुढचे तीन प्रश्न माझी मुलं माझ्याकडेच बघत होती.

परतीच्या गाडीत गुणांवर बोलू नका. मुलांना खायला द्या. सोमवारी मधल्या सुट्टीत वही उघडा आणि मुलांना आठवतील तेवढे प्रश्न, आपले चुकलेले आणि दुसऱ्यांनी सोडवलेले, सगळे उतरवून घ्या. मंगळवारपर्यंत निम्मे विसरतात.

फेब्रुवारीत नववीच्या मुलांनी पेटी आणि वही आठवीकडे सोपवायची. जुलैमधल्या पुढच्या चाळणीचे पंचवीस प्रश्न दहावीत गेलेल्या याच मुलांनी काढायचे. संघात नसली तरी एवढा वेळ ती आनंदाने देतात. वही मात्र स्टाफरूमच्या कपाटात ठेवू नका, नव्या कप्तानाच्या दप्तरात राहू द्या.